तिसऱ्या मजल्यावरची जाळी

फरगाना, ९ जुलै

जुम्रदखोन,

हे पत्र इक्रोमच्या टॅक्सीतून येतं आहे. सोबत जर्दाळूंची पेटी आहे. वरचे पिकलेले आधी खा, खालचे थांबतील. इक्रोमला चहा पाज, पण घाटात त्याने कुणाकुणाला मागे टाकलं ते ऐकत बसू नकोस.

फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि दुसऱ्या हाताने बटणं दाबत असतेस, ते मला इथे ऐकू येतं. कागदावर नुसतं "हं" लिहून पाठवायची लाज वाटते माणसाला. उत्तर द्यावं लागतं.

आता मुद्दा. काल एर्गाश-अकांनी आमच्या जिन्याच्या दारावर एक कागद चिकटवला. एर्गाश-अका म्हणजे आमच्या मोहल्ल्याचे अध्यक्ष, चौथ्या मजल्यावर राहतात आणि कागद चिकटवण्यापलीकडे त्यांना काम नाही. ऑक्टोबरमध्ये आमच्या इमारतीची दुरुस्ती होणार आहे. फार छान. भिंतींना नवा गिलावा, छप्पर नवं. आणि मग शेवटचं वाक्य: "पश्चिमेकडील सिमेंटची जाळी केवळ शोभेची असून घराच्या थंडाव्यास तिचा उपयोग शून्य आहे. ती काढून टाकावी व तेथे सपाट काच बसवावी."

शून्य. कमी नाही, नगण्य नाही, शून्य. मी जन्मभर नोटरीचं काम केलं. शून्य लिहिण्याआधी माझ्या कार्यालयात लोक तीनदा मोजून बघत. इथे कुणीतरी ताश्कंदला थंड हवेच्या यंत्राखाली बसून ते लिहून मोकळं झालं. माझी निजायची खोली पश्चिमेला आहे. चिल्ल्याच्या या चाळीस कडक उन्हाच्या दिवसांत दुपारनंतर सूर्य सरळ माझ्या पलंगावर पाय पसरतो. मध्ये ती जाळी आहे म्हणून मी जिवंत आहे. ती गेली की मला त्या खोलीत तंदुरातल्या सोमसासारखं भाजून निघायचं आहे, आणि दुसरी खोली माझ्याकडे नाही.

कागदावर शिक्का आहे, सही नाही. सही नसलेला कागद म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड. तू ताश्कंदला घरांचं आणि उन्हाचं काहीतरी करतेस असं तुझी आई सगळ्या नातेवाइकांना सांगत असते. तर या मावशीला, तुझ्या खोलाला, एवढंच शोधून दे: हे लिहिणारं गाढव कोण?

तुझी,
मुकर्रम खोला


ताश्कंद, १४ जुलै

मुकर्रम खोला, सलाम.

जर्दाळू मिळाले. खालचे थांबले नाहीत, मीच थांबू दिलं नाही. आईने फोनवर सांगितलं की तुमचा रक्तदाब वाढला आहे. थोरल्या बहिणीला कुणी काही सांगू शकत नाही, असंही म्हणाली.

तुम्ही पाठवलेला मजकूर वाचला. ज्याने कुणी तो अहवाल केला त्याला एकदम गाढव म्हणू नये असं मला वाटतं. हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. संगणकात आधी एक घर बांधावं लागतं. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. प्रत्येक भिंतीचे कोपरे एकेक करून सांगायचे, मग त्या भिंतीतल्या खिडकीचे. कोपरे सांगायचाही क्रम असतो. बाहेरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. क्रम चुकला की खिडकीचं तोंड फिरतं, आणि संगणकाला वाटतं ती खिडकी घरात बघते आहे. मग बाहेरचं ऊन तिला लागतच नाही. जाळी असली काय, नसली काय, शून्यच येणार.

असं कुणाचंही होऊ शकतं. विशेषतः एका महिन्यात अकरा इमारती करायच्या असल्या तर.

मी त्या लोकांना विचारून बघते. त्याआधी मला तुमच्या खोलीबद्दल सांगा. आतून बाहेर जाताना काय काय लागतं, कशानंतर काय? स्वयंपाकघरात पट्ट्यांचे पडदे आहेत ना, त्यांच्या पट्ट्या उन्हाळ्यात कशा ठेवता? मापं घ्यायला कुणी आलं होतं का?

तुमची,
जुम्रद


फरगाना, १८ जुलै

जुम्रदखोन,

घरात बघणारी खिडकी मला माहीत आहे. ती माझी सासू होती.

तुर्सुनॉयला तुझं पत्र वाचून दाखवलं. तळमजल्यावरची तुर्सुनॉय, जिची काकडीची बाग तू लहानपणी तुडवली होतीस. ती म्हणाली, "म्हणजे ताश्कंदमध्ये एक माणूस पगार घेऊन खिडक्या उलट्या लावतो? माझा जावई फुकटात लावायचा."

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आतून बाहेर: माझा पलंग. मग खिडकी. मग गॅलरी. मग जाळी. मग एर्गाश-अकांचा द्राक्षवेल, जो त्यांनी खालून चौथ्या मजल्यापर्यंत तारेवर चढवला आहे आणि ज्याची द्राक्षं ते कुणाला देत नाहीत. मग सूर्य. यात समजायला कठीण काय आहे? जाळी बाहेर असते. जाळी काय घरात उगवते?

जाळी उत्तम स्थितीत आहे. दर शुक्रवारी मी ती दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसते. तिच्यावर लाल मिरच्यांच्या माळा लावते, आणि त्या मिरच्यांवर धुळीचा एक कण सापडला तर माझं नाव बदल. आमच्या गावी वारा सुटला की काय होतं तुला माहीत आहे. अशा जाळीला हे लोक शोभेची म्हणतात.

स्वयंपाकघरातल्या पट्ट्या मी आडव्या ठेवते, रस्त्याकडे किंचित खाली वाकवून. उजेड येतो, समोरचा दातांचा डॉक्टर दिसत नाही. पूर्ण मिटून कोण ठेवतं? अंधारात कांदा चिरायचा का?

मापं घ्यायला जूनमध्ये एक माणूस आला होता. सभ्य होता, बूट काढून आत आला. माझ्या कपाटावर त्याने एक पांढरी डबी चिकटवली, म्हणे खोलीचा ताप मोजते. मी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. गॅलरीत मी त्याला जाऊ दिलं नाही, तिथे माझ्या मिरच्या होत्या. मग तो खाली रस्त्यावर उभा राहून लाल दिव्याच्या यंत्राने कायकाय मोजत बसला. त्याने काय मोजलं देव जाणे. रस्त्यावरून माझी गॅलरी मोजायची म्हणजे कुंपणावरून लग्न बघायचं.

त्या गाढवाला हे सगळं नीट सांग. आणि गाढवाची एवढी बाजू कशाला घेतेस? तुझ्या ओळखीचं आहे का?

मुकर्रम खोला


ताश्कंद, २७ जुलै

मुकर्रम खोला,

आधी आनंदाची बातमी. तुमचं म्हणणं खरं निघालं.

मी ते मॉडेल उघडून बघितलं. म्हणजे त्या लोकांनी मला बघू दिलं. उलट्या खिडक्या खरंच होत्या, पण फक्त जिन्याच्या. त्या सुलट्या केल्या तरी तुमच्या खोलीत फरक पडेना. मग पट्ट्या सापडल्या. पट्ट्यांचा कोन लिहायचा असतो, आणि तिथे शून्य लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, शून्य म्हणजे आडव्या, उघड्या. पण तो कोन काचेपासून मोजतात. शून्य म्हणजे पट्ट्या काचेला समांतर, गच्च मिटलेल्या. शिवाय तुमच्या स्वयंपाकघरातले पडदे सगळ्या इमारतीला लावून टाकले होते. म्हणजे मॉडेलमध्ये तुमची सगळी इमारत उन्हाळाभर डोळे मिटून बसली होती. ऊन आधीच अडलेलं, मग जाळी बिचारी काय अडवणार?

ते दुरुस्त केलं. तरीही फरक अगदी थोडा. दोन दिवस मी जेवताना सुद्धा त्याच विचारात होते. शेवटी बाजूने कापून बघितलं, टरबूज कापतो तसं, आणि हसू आलं. जाळी काचेच्या आत होती. बाहेर सूर्य, मग काच, मग एक वीत आत जाळी. ऊन काचेतून आत येणार, जाळीवर पडणार, जाळी तापणार, आणि ती ऊब पुन्हा बाहेर जाणार नाही. संगणकाने बिचाऱ्याने इशाराही दिला होता: सावली देणारी वस्तू घरात आहे. तो इशारा कुणी वाचला नाही, कारण असे इशारे शेकड्यांनी येतात.

साहजिकच मापं घेणाऱ्या माणसाने दोन आकडे उलटे लिहिले असणार. तुम्ही म्हणता तसं, जाळी काय घरात उगवते? मी जाळी उचलून बाहेर ठेवली, काच तुमच्या खिडकीच्या जागी मागे नेली. आणि मग बघण्यासारखं झालं. दुपारनंतर तुमच्या खोलीचं तापमान सहा अंशांनी उतरलं. सहा, खोला. जाळी शोभेची नाही, ती तुमच्या इमारतीची टोपी आहे.

इथल्या मुख्य बाई ल्युदमिला पाव्लोव्ना कडक आहेत, पण त्यांनाही पटलं. अहवाल बदलेल असं दिसतंय.

तुमची,
जुम्रद


फरगाना, १ ऑगस्ट

माझ्या गुणी पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि मग तुर्सुनॉयच्या ओट्यावर सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. टोपीच्या वाक्याला टाळ्या पडल्या. "डोळे मिटून बसलेली इमारत" ऐकून तुर्सुनॉय म्हणाली, "आणि डोळे मिटूनही सगळ्यांच्या घरातलं बघते." एर्गाश-अकांनी पत्राची प्रत मागितली. मी म्हटलं, "आधी द्राक्षं." त्यांनी एक घड दिला. आंबट निघाला.

म्हणजे ते गाढव चार पायांवर चार वेळा घसरलं. खिडक्या, पट्ट्या, जाळी, आणि इशारा वाचला नाही तो चौथा पाय. त्याला माझा निरोप दे: आमच्या वेळी समोरचा कागद पूर्ण न वाचता शिक्का मारणाऱ्याला मी उभं राहून पुन्हा वाचायला लावत असे, आणि तो माझा साहेब असला तरी.

माझी काळजी करू नकोस. डॉक्टरांनी दुपारी खोलीत बसू नका म्हणून सांगितलंय, म्हणून मी जेवणानंतर तुर्सुनॉयकडे जाऊन पडते. तिच्याकडे तळमजल्यावर गारवा असतो. संध्याकाळी ओली चादर लावून खोली जरा माणसात आली की वर येते. वय झालं की ऊन जास्त लागतं, बाकी काही नाही.

तुझी,
मुकर्रम खोला


ताश्कंद, ७ ऑगस्ट

मुकर्रम खोला,

हे पत्र लिहायला मी तीन दिवस लावले. इक्रोम दोनदा रिकाम्या हाताने गेला.

ते गाढव मी आहे.

मला वाटलं होतं, जाळी वाचली की हळूच सांगेन, आणि तोवर तुमचा राग निवलेला असेल. इमारतीच्या यादीत नुसते क्रमांक असतात. तुमची इमारत आहे हे तुमचं पहिलं पत्र येईपर्यंत मला कळलंही नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कळलं असतं तर मी ती नीट केली असती, आणि तीच गोष्ट मला जास्त टोचते. बाकीच्या दहा इमारतींतही कुणाच्यातरी खोला राहतात.

आता अडचण ऐका. ल्युदमिला पाव्लोव्नांनी माझं नवं मॉडेल त्या पांढऱ्या डब्यांच्या आकड्यांशी लावून बघितलं. जुळत नाही. मॉडेल म्हणतं तुमची खोली जुलैत तीस अंशांच्या आसपास असायला हवी. तुमच्या कपाटावरची डबी म्हणते छत्तीस, सदतीस. मी त्यांना सांगितलं की डबीवर क्रोशाचा रुमाल आहे. त्या म्हणाल्या, "जुम्रद, रुमालाने सहा अंश चढत नाहीत. आणि मापं घेणारा माणूस इथे पंधरा वर्षं आहे, त्याने आजवर आकडे उलटे लिहिलेले नाहीत. तू कुणाच्या सांगण्यावरून जाळी हलवलीस?"

मी म्हटलं, "माझ्या मावशीच्या. ती नोटरी होती. ती न पाहिलेलं लिहून देत नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग स्वतः जा, टेप लावून मोज, आणि जे दिसेल त्यावर सही कर. तुझी सही, माझी नाही." जाळी बाहेर असली तर ती राहते. आत असली तर पहिला अहवाल खरा, आणि ऑक्टोबरमध्ये ती निघते.

मी सतरा तारखेला, गुरुवारी येते आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर जेवायला घालून द्या.

तुमची,
जुम्रद


फरगाना, १० ऑगस्ट

जुम्रद,

ते मला तुझ्या पहिल्याच उत्तरात कळलं होतं. परक्या गाढवाची शेपटी कुणी एवढ्या प्रेमाने विंचरत नाही. पुढच्या पत्रांत मी मुद्दामच जरा मीठ जास्त टाकलं. तू तीन दिवस लावलेस, मला वाटलं होतं तीन महिने लावशील. त्यामुळे त्या बाबतीत आपण फिटलो.

पण गुरुवारी येऊ नकोस. गुरुवारी मला सोयीचं नाही. घर अस्ताव्यस्त आहे. पुढच्या महिन्यात ये, तेव्हा ऊनही उतरलेलं असेल. शिवाय खरबुजं तेव्हाच गोड होतात.

टेप कशाला आणायची? मी तुला माप पत्राने कळवते.

मुकर्रम खोला


ताश्कंद, १२ ऑगस्ट

खोला,

ऊन उतरल्यावर येऊन मी काय मोजणार? गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. घर आवरू नका, मला तसंच आवडतं.

जुम्रद


ताश्कंद, २२ ऑगस्ट

मुकर्रम खोला,

सुखरूप पोचले. चालोप फार सुंदर झाला होता, अशा उन्हात काकडी-दह्याच्या त्या गार वाटीसारखं दुसरं काही नाही. मी तीन वाट्या प्यायले आणि तुम्ही एकही शिवी दिली नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती.

मी जे मोजलं ते असं: पलंग, मग लाकडी खिडकी, मग उघडी गॅलरी, मग जाळी, मग द्राक्षवेल. तुम्ही लिहिलं होतं तसंच, इंचाचाही फरक नाही. भर दुपारी आपण त्या खोलीत बसून चहा प्यायलो आणि मला घाम आला नाही. माझ्या टेबलावरचं मॉडेल म्हणतं तसाच गारवा होता. सही करायला पेन सुद्धा काढलं होतं मी.

पण खोला, मी आता इशारे वाचायला शिकले आहे.

खिडकीच्या लाकडी दारांच्या खाचेत ओली माती होती, आणि त्या मातीत काकडीचं एक कोवळं रोप. जाळीच्या बाहेर, भिंतीत, चार ठिकाणी ताज्या सिमेंटचे डाग होते, प्रत्येकात लोखंडाचं कापलेलं टोक. तुमच्या मिरच्या, ज्यांच्यावर धुळीचा कण नसतो, त्या पलंगाखाली परातीत होत्या. आणि जाताना मी रस्त्यावरून वर बघितलं. पहिल्या मजल्यावर, दुसऱ्यावर, चौथ्यावर, तुमच्या शेजारी, सगळीकडे पश्चिमेला लखलखती काच. जाळीच्या बाहेर. लोखंडी ब्रॅकेटवर एक वीत पुढे काढलेली. फक्त तुमची गॅलरी तोंडातून दात पडावा तशी उघडी.

तेव्हा कळलं की जाळी तुम्ही दोन्ही बाजूंनी कशी पुसत होता. तिसऱ्या मजल्यावर, खाली पडायची भीती न बाळगता: पुढे काच होती.

मापं घेणाऱ्या माणसाने आकडे उलटे लिहिले नव्हते. मी त्याला सगळ्या कार्यालयासमोर चुकीचं ठरवलं होतं. काल जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "तुमच्या मावशी फार चांगल्या आहेत, गॅलरीच्या दारात हात पसरून उभ्या होत्या."

मी ल्युदमिला पाव्लोव्नांना सगळं खरं सांगितलं आहे. तुमच्या एका खोलीवरून सगळ्या इमारतीवर सही करता येत नाही. जाळीबाहेर काच आहे तोवर जाळी निरुपयोगी आहे हेच खरं, आणि ते मला लिहावंच लागेल. त्यांनी एवढं केलं: दहा सप्टेंबरपर्यंत थांबू म्हणाल्या. तोवर पश्चिमेच्या काचा निघाल्या आणि जाळी पुन्हा बाहेर आली, तर जाळी राहील असं लिहू. नाहीतर पहिलाच अहवाल जाईल, खाली माझ्या सहीसकट.

तुम्ही मला का सांगितलं नाहीत?

तुमची,
जुम्रद


फरगाना, १६ सप्टेंबर

जुम्रदखोन,

तू विचारलंस, का सांगितलं नाही. ऐक.

तुझे अमाकी, माझे यजमान, देव त्यांना शांती देवो, एके वर्षी म्हणाले की गॅलरी खोलीला जोडून घेऊ, सगळे घेतात. इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावायचा नाही असा नियम होता. म्हणून जाळी तोडली नाही, तिच्या बाहेर काच लावली. लोकांना वाटतं, मोडलं नाही म्हणजे काही केलंच नाही. आतली खिडकीची दारं काढली, ती तुर्सुनॉयने काकडीच्या वाफ्यावर झाकायला नेली. परवानगी कुणी काढली नाही. मी नोटरी. दिवसभर लोकांना सांगायची, नोंद नसलेली भिंत ही भिंत नव्हे, आणि संध्याकाळी नोंद नसलेल्या काचेमागे बसून चहा प्यायची. मग ती काच मी बघायचीच सोडून दिली. तू विचारलंस तेव्हा मी खोटं लिहिलं असं मला वाटलंही नाही. कागदोपत्री माझं घर तसंच होतं.

गुरुवारी येतेसच असं तुझं पत्र आलं तशी मी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. काच उतरवली. तुर्सुनॉयच्या वाफ्यावरून दारं सोडवून आणली. ती म्हणाली, "नोटरीबाई, माझ्या काकड्यांना काय पांघरू? तुमचं प्रमाणपत्र?" मी म्हटलं, "तुझी जीभ पांघर, लांब आहे." तुला फसवायचं आणि तू गेल्यावर काच परत लावायची, असा माझा सरळ बेत होता.

पण तू यायच्या आधीच्या दुपारी मी खोलीत बसले, दारांना तेल लावत. तेल लावता लावता झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन जाळीच्या बाहेर उभं होतं, आत यायला वाट नसल्यासारखं. इतकी वर्षं मी सूर्याला शिव्या देत होते, आणि जाळीची स्तुती करत होते, आणि राहत होते लोणच्याच्या बरणीत.

तरी तुला बोलले नाही. तुझं बावीस तारखेचं पत्र आलं तेव्हा मात्र लाज वाटली. तू आपलं नाव सांगितलंस, मी दारं घासत बसले.

म्हणून जिन्याच्या दारावर, तुमच्या त्या शून्याच्या कागदाच्या शेजारी, मी माझा कागद लावला: "घर क्रमांक अकरा. जाळीबाहेरची विनापरवाना काच मी लावली होती, मी काढली आहे. खोलीत फरक पडला. येऊन बसून बघावं." खाली सही. पूर्ण नाव, निवृत्त नोटरी.

दोन दिवस लोक कागद वाचून माझ्याकडे बघायचे आणि खोकायचे. मग बायका आल्या. बसल्या, सरबत प्यायल्या, जाळी हाताने चाचपली, गेल्या. पहिली काच पहिल्या मजल्यावरच्या, तुर्सुनॉयच्या सुनेची निघाली. मग दुसरा मजला. ज्यांच्याकडे आतली दारं नव्हती त्यांनी जुन्या बाजारातून आणली, एकाची हिरवी आहेत, एकाची निळी. अडले फक्त एर्गाश-अका. म्हणाले, "ही मोहल्ल्याच्या अध्यक्षाची काच आहे, मुकर्रमखोन. मी काढली तर माणसं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "काढली नाही तर काय म्हणतील ते ऐकायचं असेल तर माझ्या खोलीत या, सगळ्या तिथेच बसल्या आहेत."

ते एक टरबूज घेऊन आले, बायकांनी जागा करून दिली. त्यांनी टरबूज कापलं, एक फोड खाल्ली, सदऱ्याची कॉलर चाचपून बघितली. कोरडी होती. उठताना म्हणाले, "तुमच्या भाचीला सांगा, मी आधीपासून हेच म्हणत होतो." नऊ तारखेला त्यांची काच उतरली. त्या संध्याकाळी फोन करून तुला तेवढं एक वाक्य सांगितलं, आणि तू "हं" म्हणालीस आणि रडलीस, ते मला ऐकू आलं.

काल नवा अहवाल दारावर लागला. मी आधी खाली बघितलं. सही आहे. अक्षर तुझ्या आईसारखं वाईट आहे, पण सही आहे. मग वर वाचलं: जाळी ठेवावी. मला एक गोष्ट तुमच्या ल्युदमिलाबाईंना सांगायची आहे. चुकीचं मॉडेल सगळेच दुरुस्त करतात. आम्ही मॉडेल तसंच ठेवून घर दुरुस्त केलं.

बाकीच्या दहा इमारती तपासल्यास का? तपास. बाजूने कापून बघ.

इक्रोमबरोबर खरबूज आणि मिरच्यांची एक माळ पाठवते आहे. मिरच्यांवर यंदा धूळ आहे. धुऊन घे.

तुझी,
मुकर्रम खोला